विचेग्दा जहाजावरचं दार

उस्तीन्या सावेल्येव्हना आमच्या जहाजाची शिडी चढून आली ती एकाच प्रश्नासाठी. डोक्याला करडी लोकरीची शाल, पायात दाबलेल्या लोकरीचे, नमद्याचे बूट, हातात जाळीची पिशवी. डेकवर पांढऱ्या कोटातली पहिली बाई तिला मी दिसले. तिने सरळ माझी बाहीच धरली.

"डॉक्टरीणबाई का तुम्ही?"

"नाही हो, मी नर्स. कापितोलिना येगोरोव्हना. इथली पोरं कापामावशी म्हणतात."

"मी वेन्याची आई. वेन्या झिमीन. त्या पाणबुडीवर होता बघा... कापाताई, मला एवढंच सांगा. माझ्या लेकराला फार वेळ लागला का हो?"

उत्तर मला माहीत होतं. ते तिला कळू नये म्हणून तर सगळं जहाज सकाळपासून कामाला लागलं होतं. तेवढ्यात पक्षाने नेमलेले आमचे राजकीय अधिकारी गोर्देई इलिच क्रुतीखिन मागून आले आणि तिने माझी बाही धरलेली त्यांना दिसली.

"या, या, आई! आधी गरम चहा. आमची कापितोलिना येगोरोव्हना जरा हळवी आहे, तिला काही विचारू नका."

क्रुतीखिन नेहमी तोंडात खडीसाखर ठेवल्यासारखे बोलत. मला त्यांचा मनस्वी राग यायचा आणि तो मी फारसा लपवतही नसे.

आमच्या जहाजाचं नाव 'विचेग्दा'. पांढरं शुभ्र, दोन्ही अंगांना मोठे लाल क्रॉस, आणि वर्षाचे दहा महिने उत्तरेच्या खाडीत पाणबुड्यांच्या धक्क्याजवळ नांगरून पडलेलं. पाणबुडीवाले समुद्राखालून परत आले की त्यांना आमच्याकडे पाठवत. वाफेचं स्नान, दिव्याचं ऊन, चार घास धडाचे. कोणाला झोप लागत नसे, कोणाचे दात हलत. जेवणघराच्या भिंतीवर क्रुतीखिनांनी आपल्या आरमाराच्या जुन्या रुग्णालय-जहाजांची चित्रं लावली होती, थेट झारच्या काळापासूनची. नव्या रुग्णांना ते त्या चित्रांपुढे उभं करून भाषण देत. दोन्ही महायुद्धांत काळ्या समुद्रात जी पांढरी जहाजं जखमींसकट बुडाली, त्यांची चित्रं मात्र त्या भिंतीवर नव्हती. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "रुग्णांचं मन प्रसन्न राहिलं पाहिजे, कापितोलिना येगोरोव्हना."

त्या वर्षी, म्हणजे श्याऐंशीच्या मार्चमध्ये, एक पाणबुडी ओढत आणली. तिच्या शेपटाकडच्या कप्प्यात आग लागली होती. माणसं गेली होती. किती, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारायचंही नव्हतं, कारण कागदोपत्री तसं काही घडलंच नव्हतं. वाचलेल्यांतला एक आमच्याकडे आला: रोदिऑन लुकिच बेग्लोव. चाळिशी ओलांडलेला, पाणबुडीवरचा जुना यंत्रज्ञ. सगळे त्याला नुसतं लुकिच म्हणत. अंगावर कुठे ओरखडा नाही, फक्त दोन्ही तळहात भाजलेले.

जहाजाच्या पुढच्या टोकाला वेगळ्या ठेवायच्या रुग्णांची एक खोली होती. तिला साधं दार नव्हतं, जहाजाच्या आडव्या भिंतीतलं जाड पोलादी दार होतं, दांडा ओढून बंद करायचं. तिथे लुकिचला ठेवलं. मी रोज त्याच्या हाताच्या पट्ट्या बदलायची. पहिले काही दिवस तो नुसता छताकडे बघत पडायचा. मग एके दिवशी पट्टी सोडताना आपणहून बोलला.

"कापामावशी, विचारत का नाहीस, तळहातच कसे भाजले म्हणून?"

"आग विझवताना भाजले. क्रुतीखिन साहेबांनी सांगितलंय."

"क्रुतीखिन काय, उद्या सांगेल मी पॅनकेक भाजत होतो." तो हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. "दांडा धरून होतो मी. दाराचा. पलीकडे आग होती, दांडा तापत गेला."

पाणबुडीवर जो कोणी काम करतो त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. धोक्याची घंटा झाली की प्रत्येक कप्प्याचं दार बंद. आतल्यांनी आत मरायचं किंवा जगायचं, पण हुकूम येईपर्यंत दार उघडायचं नाही. पलीकडे सख्खा भाऊ असला तरी नाही. एक दार उघडलं तर सगळी पाणबुडी जाते. आमच्या खाडीतल्या शेंबड्या पोरांनाही हे माहीत असतं.

"कोण होतं पलीकडे?" मी विचारलं.

"वेन्या झिमीन. माझ्याच हाताखाली शिकत होता. बाकीचे लगेच गेले. हा दारापाशी पोचला होता. ठोकत होता, मावशी. मला नावानं हाका मारत होता. लुकिच, उघडा, लुकिच, मी आहे."

माझ्या हातातला चिमटा खाली पडला. इतकी वर्षं या जहाजावर काढली, माणसं माझ्या मांडीवर गेली, पण असं काही मी ऐकलं नव्हतं. मी खाली वाकून चिमटा शोधत राहिले, कारण मला त्याच्या तोंडाकडे बघायची छाती होत नव्हती.

आणि आता त्याच वेन्याची आई आली होती. व्होलोग्दाकडच्या कुठल्या खेड्यातून, दोन गाड्या आणि एक लष्करी बस बदलून. सामूहिक शेतावर गायी दोहणारी बाई. तिला तार मिळाली होती की मुलगा कर्तव्य बजावताना गेला. बंद जस्ताची पेटी मिळाली होती. ती पुरली तरी तिचं समाधान होईना. तिने इतक्या साहेबांच्या दारात ठिय्या दिला की शेवटी त्यांनी कंटाळून परवानगी दिली: वेन्याच्या सगळ्यात जवळ जो माणूस होता त्याला भेटा, आणि गप्प घरी जा.

त्या दिवशी नाश्ता उरकताच क्रुतीखिननी मला आपल्या केबिनमध्ये बोलावून बसवलं ते ती येईपर्यंत सोडलंच नाही. भेटीत मी हजर राहायचं. बेग्लोव भलतंसलतं बोलायला लागला तर इंजेक्शनचं निमित्त करून भेट थांबवायची.

"आणि तो खरं बोलला तर?" मी म्हटलं.

"खरं?" ते माझ्याकडे अशा कीवेने बघत राहिले की जणू मला ताप चढलाय. "खरं हे की पोराला काही कळलं नाही. एका क्षणात झालं. आईला हे ऐकून शांत झोप लागेल. तुम्हाला तिची झोप नकोय का?"

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. ते ठोकणं बाईच्या कानावर कशाला घालायचं?

भेटीत व्यत्यय नको म्हणून क्रुतीखिननी पुढच्या बोळाच्या तोंडाशी पहारेकरी उभा केला. कोणालाही सोडायचं नाही, असा कडक हुकूम. उस्तीन्याची जाळीची पिशवीसुद्धा तपासणीसाठी त्या पहारेकऱ्याने ठेवून घेतली.

लुकिच खाटेवर ताठ बसला होता. पांढऱ्या पट्ट्यांतले दोन्ही हात मांडीवर. उस्तीन्या त्याच्यासमोर स्टुलावर बसली. क्रुतीखिन खिडकीशी, मी औषधांच्या टेबलाशी.

"तुम्ही लुकिच ना?" ती म्हणाली. "वेन्या पत्रात लिहायचा तुमच्याबद्दल. लुकिच शिव्या फार देतात पण काम शिकवतात, म्हणायचा."

"हो. देतो शिव्या," लुकिच म्हणाला.

"बरं करता. घरी फार लाडावला होता." तिने शालीचं टोक चुरगाळलं. "भाऊ, मी भांडायला नाही आले. सरकारला काय विचारायचं मी? मी शेणात हात घालणारी बाई. मला एवढंच हवंय. त्याला फार वेळ लागला का?"

लुकिचने क्रुतीखिनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता हा सांगणार.

"नाही," तो म्हणाला. "एका क्षणात झालं. त्याला काही कळलं नाही."

"नक्की?"

"नक्की."

उस्तीन्याने चेहरा दोन्ही हातांत धरला आणि मोठा श्वास सोडला. मग ती रडली, पण ते रडणं ओझं उतरलेल्या माणसाचं होतं. "देवा, उपकार झाले. रोज रात्री मला वाटायचं, तो मला हाका मारतोय." तिने छातीवर क्रॉसची खूण केली. ती दिसली असती तर वर कळवावी लागली असती, म्हणून क्रुतीखिननी बाहेर बघितलं. तेवढी माणुसकी त्यांच्यात होती, मी नाकारत नाही. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. मुख्यालयातून तपासणीचे साहेब आले होते, त्यांना त्यांच्यापुढे हजर व्हायचं होतं. काम फत्ते झाल्यासारखा माझा खांदा थोपटून ते गेले.

"अहो, मी तुमच्यासाठी शांगी आणल्यात," उस्तीन्या डोळे पुसत उठली. "बटाटा घातलेल्या भाकऱ्या. वेन्याला फार आवडायच्या. पिशवी त्या शिपायाकडे राहिली. आणते हं, तुम्ही बसा." आणि ती बोळात गेली. तिच्या पाठीमागे ते जड दार अर्धवट उघडं राहिलं.

लुकिचने मान खाली घातली. "झालं ना मनासारखं तुमच्या?" तो मला म्हणाला.

मी काही बोलणार, तोच घंटा झाली.

आमच्याकडे आगीचा सराव गुरुवारी होई. तो व्हायच्या आधी एक सेवक प्रत्येक खोलीत जाऊन पाणबुडीवाल्यांना सांगायचा, "आज खोटी घंटा आहे मंडळी, पडून राहा." हे सांगणं आमच्याकडे औषधापेक्षा महत्त्वाचं मानत. त्या दिवशी होता बुधवार. तपासणीचे साहेब आले म्हणून सराव आदल्या दिवशीच घेतला. सेवक सगळीकडे सांगत फिरला, आमच्या बोळाशी आला, आणि पहारेकऱ्याने त्याला परत पाठवलं. हुकूम म्हणजे हुकूम. मी क्रुतीखिनांच्या केबिनमध्ये अडकलेली, मला कोण सांगणार? आणि साहेबांना सगळं खरं वाटावं म्हणून कोणा महाभागाने जिन्यात धुराचं नळकांडं पेटवलं. रुग्णांच्या जहाजावर! हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त एवढं दिसलं की घंटा कानठळ्या बसवतेय आणि बोळातून काळा धूर येतोय.

लुकिच खाटेवरून उठला असं मी म्हणणार नाही. तो तिथे होता आणि पुढच्या क्षणी दाराशी होता. त्याने दार ओढलं, दोन्ही हातांनी दांडा खाली दाबला आणि सगळं अंग त्यावर टाकलं.

"लुकिच! बाई बाहेर आहेत!" मी ओरडले.

त्याला ऐकू गेलं नाही. त्याचे डोळे उघडे होते, पण ते या खोलीत नव्हते. मी त्याची बाही धरून ओढली. त्याने कोपराने मला असं ढकललं की मी टेबलावर आदळले, औषधाच्या बाटल्या फुटल्या.

आणि मग बाहेरून ठोकायला सुरुवात झाली.

घंटा होताच पहारेकरी आपल्या सरावाच्या जागी पळाला होता. उस्तीन्या बोळात एकटी होती. तिला काही दिसत नव्हतं. ती मुठींनी दार ठोकत होती.

"भाऊ! उघडा! अहो, धूर झालाय! लुकिच, उघडा, मी आहे!"

तेच शब्द. तिला काय माहीत, ती काय बोलतेय?

लुकिचच्या पट्ट्यांवर लाल डाग पसरायला लागले. दाराला गाल टेकवून तो बोलू लागला. हळू, समजावत, आजारी पोराशी बोलावं तसं.

"वेन्या, ऐक. खाली झोप. जमिनीला तोंड लाव, तिथे हवा असते. वेन्या, बाळा, शर्ट तोंडावर धर. मला उघडता येत नाही रे. मला हुकूम नाही. ठोकू नकोस, दम संपतो ठोकून. वेन्या, मी इथेच आहे. मी जात नाही. ऐकतोयस ना? मी इथेच आहे."

दार जाड होतं, पण वरच्या बाजूला हवेची जाळी होती. बाहेरचं आत ऐकू येत होतं, म्हणजे आतलंही बाहेर जात असणार. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी त्याच्या तोंडावर हात ठेवायला धावले. उशीर झाला होता.

ठोकणं थांबलं.

त्याबरोबर लुकिचच्या घशातून जो आवाज निघाला, तो मी माणसाच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता आणि पुढेही ऐकला नाही. त्याच्यासाठी वेन्या पुन्हा एकदा मेला होता. तो दांड्यावरून घसरत गुडघ्यांवर आला, तरी दांडा सोडेना.

घंटा बंद झाली. भोंग्यातून कोणीतरी उत्साहाने म्हणालं, "सराव संपला. सर्वांनी आपापल्या जागी परतावं." मी लुकिचच्या शेजारी जमिनीवर बसले आणि त्याच्या कानाशी तेच तेच म्हणत राहिले: सराव होता, लुकिच, विचेग्दा आहे ही, धक्क्याला आहोत आपण. त्याने हळूहळू माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे. मग दाराकडे. आपण काय केलं ते त्याला समजलं, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

दारापलीकडून आवाज आला. अगदी जवळून, जाळीशी तोंड आणून बोलल्यासारखा.

"असाच ठोकत होता का?"

मी मान हलवून लुकिचला खुणावत होते, नाही म्हण, काहीतरी सांग, डोकं फिरलं होतं म्हण.

"लुकिच. तुला विचारतेय मी. माझा वेन्या असाच ठोकत होता का?"

"हो," लुकिच म्हणाला.

"फार वेळ?"

"हो. फार वेळ."

तिच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता, धुरामुळे घरघरणारा. शेवटी ती म्हणाली, "आता उघड."

त्याच्याने ते होईना. बोटं आकडली होती. मीच ती एकेक करून सोडवली आणि दांडा वर केला.

उस्तीन्या दारात उभी होती. शाल खाली घसरलेली, नाकाखाली काजळी, डाव्या मुठीचं कातडं सोललेलं. ती लुकिचकडे बघत होती. तो गुडघ्यांवरच होता. मला वाटलं, ही आता त्याला मारणार. तिने मारलं असतं तर मी मध्ये पडले नसते, आणि मला वाटतं त्यालाही बरंच वाटलं असतं.

तेवढ्यात बोळातून धावत पावलं आली. क्रुतीखिन होते. टोपी नाही, तोंडावरचा रंग उडालेला, एका हातात तिची जाळीची पिशवी.

"आई! आई, काही नाही, नुसता सराव होता! लागलं का तुम्हाला? कापितोलिना येगोरोव्हना, इंजेक्शन! बेग्लोवची मनःस्थिती ठीक नाही, तो काय वाटेल ते बरळतो, तुम्ही मनावर घेऊ नका. भेट संपली. चला, मी तुम्हाला सोडतो."

उस्तीन्या त्यांच्याकडे वळली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"आई, कसं आहे, तुमच्याच भल्यासाठी—"

"ठाऊक होतं?"

ते नुसते माझ्याकडे बघत राहिले, मी सोडवीन अशा आशेने. मी नजर वळवली नाही आणि जागची हललेही नाही.

उस्तीन्या आत आली. वळून तिने दोन्ही हातांनी ते पोलादी दार ओढून घेतलं. क्रुतीखिननी घाईने पाय मागे घेतला. तिने दांडा खाली ओढला. गायी दोहणाऱ्या बाईचे हात ते, दांडा एका हिसक्यात बसला.

बाहेरून लगेच ठोकणं सुरू झालं. "दार उघडा! उस्तीन्या सावेल्येव्हना! हा हुकूम आहे! बेग्लोव, उघड म्हणतो ना!"

लुकिचचं अंग प्रत्येक ठोक्याला शहारत होतं. मी उठू लागले. उस्तीन्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

"ठोकू दे," ती म्हणाली.

मग ती लुकिचसमोर फरशीवर बसली, त्याच्या इतकी जवळ की दोघांचे गुडघे टेकले.

"आता सांग. पहिल्यापासून. तो काय काय म्हणाला, सगळं. एक शब्द गाळलास तर बघ."

लुकिच बोलू लागला. मध्येमध्ये क्रुतीखिनांच्या ठोकण्यात त्याचा आवाज बुडायचा, तेव्हा ती हाताने त्याला थांबवायची, आणि ते शब्द त्याच्याकडून पुन्हा म्हणून घ्यायची.